माहेरचा ट्रॅक्टर

पिंपळखुट्याची जयवंता कशावरच विश्वास ठेवत नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दाराला कुलूप लावलं की ती ते ओढून बघायची, चार पावलं चालून परत यायची आणि पुन्हा ओढून बघायची. मेथीची जुडी सुटी करून आतली काडी बघायची. कुंभाराकडचा माठ घेताना बोटाच्या पेरानं चारी बाजूंनी वाजवायची आणि एखादा आवाज बद्द आला की सगळी चळत खाली उतरवायला लावायची. तिला बघितलं की सेलूच्या बाजारातला कुंभार म्हणायचा, "आली बापा मास्तरीण." ती मास्तरीण नव्हती, पण वर्ध्याच्या कॉलेजातून बी. ए. झालेली होती आणि औषधाच्या बाटलीवरची तारीख दुकानदाराला मोठ्यानं वाचून दाखवायची.

तिचा नवरा कैलास सावंगीच्या एका दवाखान्यात फाटकावर गार्ड होता. चारचौघांत तो म्हणायचा, "माह्यावर तरी कुठी भरवसा हाये हिचा. लग्नाच्या आधी माह्यी मार्कशीट मागतली होती." लोक हसायचे. जयवंता हसायची नाही, कारण ते खरं होतं.

एकच जागा अशी होती जिथं ती काही वाजवून बघत नव्हती. ती म्हणजे हिंगणी, तिचं माहेर.

वडील गेले तेव्हा ती दहावीत होती. तिच्याहून आठ वर्षांनी मोठा भाऊ, ज्याला गाव अण्णाजी म्हणतं आणि ती दादा, त्यानं शेत सांभाळलं आणि हिला शिकवलं. सकाळची पहिली बस हमरस्त्यावरून जायची. बोरच्या अभयारण्याचं जंगल तिथून काही लांब नाही. थंडीत त्या वेळेला रस्त्यावर काळोखच असायचा. अण्णाजी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवायचा आणि जनावर बाजूला व्हावं म्हणून फाट्यापर्यंत घंटी वाजवत जायचा. कॉलेजच्या तीन वर्षांत तिची बस एकदाही चुकली नाही.

लग्नात माहेराहून गाय आली. पिंपळखुट्याच्या अंगणात ती उतरली तेव्हा सासऱ्यांनी सवयीनं तिच्या जबड्याला हात घातला, दात बघून वय ठरवायला. सासू माजघरातून ओरडली, "अहो, माहेरची गाय हाये सुनेची. दात नाई पाहत." सासऱ्यांनी हात काढून धोतराला पुसला. त्या भागात ही रीत आहे. बाजारातल्या जनावराचे दात मोजतात, सुनेच्या माहेराहून आलेल्याचे मोजत नाहीत; मोजले तर त्या घराला खोटं म्हटल्यासारखं होतं. जयवंतानं ते त्या दिवशी मनात बांधून घेतलं. पुढं वडिलांच्या शेतातला हिस्सा सोडायचा कागद भावानं पुढं केला, तेव्हा तहसीलमधला बाबू म्हणाला, "बाई, वाचून घ्या." औषधाची तारीख वाचणारी ती बाई म्हणाली, "भावाचा कागद हाये," आणि सही करून मोकळी झाली.

तिची एकुलती मुलगी रोशनी. बारावी झाल्यावर बापानं नर्सिंगचा फॉर्म आणला, तर हिनं वर्ध्याच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकला नाव घातलं. वर्गात एकटी मुलगी. नंतर दोन हंगाम तिनं सेलूजवळच्या एका जिनिंगमध्ये मालकाच्या ट्रॅक्टरवर लोडर चालवला. लोडर म्हणजे ट्रॅक्टरच्या तोंडाला बसवलेलं मोठं सूप. त्यानं कापसाचे ढीग ढकलायचे, सरकी भरायची. मालक तिच्यावर खूश होता, पण कापूस संपला की काम संपायचं. रोशनीच्या डोक्यात दुसरंच होतं. उन्हाळ्यात शेतकरी शेणखत भरतात, तलावातला गाळ काढून शेतात टाकतात. सगळ्यांना लोडर हवा असतो आणि तो वेळेवर कोणालाच मिळत नाही.

"आपला सोताचा पायजे, आई. खत अन् गाळ, दोन महिने श्वास घ्यायले टाइम नाई भेटणार."

जयवंताचा जीव तिथंच अडकला. कापूस हलका. ओला गाळ म्हणजे वजन. सूप भरून वर उचललं आणि चाकाखाली खड्डा आला, तर ट्रॅक्टर कुशीवर जातो आणि चालवणारा खाली. अशी एक बातमी तिनं पेपरातून कापून देवघरामागं ठेवली होती. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. पण पोरगी ऐकणारी नव्हती. तेव्हा जयवंतानं तिच्या पद्धतीनं तोड काढली: पोरगी बसणारच असेल तर ती कशावर बसते ते मी बघीन.

आणि ती शिकायला बसली. दुपारी भांडी घासून झाली की वही घेऊन रोशनीसमोर. पोरीनं सांगायचं, हिनं लिहायचं. लोडरच्या कामात अर्धा दिवस ट्रॅक्टर मागं जातो, म्हणून रिव्हर्सचा गिअर आणि क्लच आधी बघायचा. पॉवर स्टेअरिंग नसेल तर भरल्या सुपानं हात गळून जातात. समोर वजन उचललं की मागची चाकं हलकी होतात, म्हणून मागच्या टायरांत पाणी भरलेलं पाहिजे, शिवाय मागं सिमेंटचा ठोकळा. आणि सगळ्यात मोठं, समोरचा एक्सल. नांगरणीत ताकद मागं लागते, लोडरमध्ये सगळा भार समोर येतो. तो एक्सल इंजिनच्या तोंडाशी एका बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ब्रॅकेटवर टांगलेला असतो.

"बीड वाजवून पाह्यचं," रोशनी म्हणाली. "हातोडीनं. धड असलं तर टण्ण वाजते. चीर असली तर बद्द."

"माठासारखं."

"हो, माठासारखंच."

जयवंतानं वहीत 'माठ' असं लिहून त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

फाल्गुनात मायलेकी जाम गावच्या चौकातल्या जुन्या ट्रॅक्टरांच्या अड्ड्यावर गेल्या. सफारी घातलेल्या एका दलालानं लाल ट्रॅक्टर दाखवला. "पन्नास एचपी, ताई. डोंगर ओढते हा."

"डोंगर नाई ओढायचा, उचलायचा हाये," जयवंता म्हणाली. "टायरात पाणी भरलं का?"

"फुल्ल. मी सोता उभा राहून भरलं."

रोशनीनं ट्रॅक्टर चालू करून हातभर पुढं घेतला, मागच्या चाकाचा हवेचा वॉल खाली आला तसा थांबवला. जयवंतानं पदर खोचला, उकिडवी बसली आणि पर्समधल्या आगपेटीची काडी वॉलमध्ये दाबली. फुस्स करून गरम हवा तिच्या तोंडावर आली.

"पाणी उडून गेलं वाटते उन्हानं," ती म्हणाली.

दलाल रोशनीकडं वळून म्हणाला, "आई काय आरटीओत हाये का तुह्यी?"

तिथं त्यांनी चार ट्रॅक्टर बघितले आणि चारही नाकारले. एकाचा क्लच गेलेला होता, एकाचं स्टेअरिंग बोटभर सैल. तिसरा बरा होता, पण बीड बद्द वाजलं. चौथ्यात काही खोट सापडेना, तरी जयवंताला मालकाचं डोळे चुकवणं आवडलं नाही. परतीच्या बसमध्ये रोशनी म्हणाली, "असं केलं तर पुढच्या जन्मी भेटन ट्रॅक्टर."

होळीला जयवंता पुरणपोळी घेऊन हिंगणीला गेली आणि भावाजवळ सगळं बोलली. रोशनीचा हट्ट, गाळाचं काम, जामचे चार ट्रॅक्टर, स्वतःची भीती. अण्णाजी खाटेवर बसून ऐकत होता.

"बाहेर काऊन फिरून राह्यली तू?" तो म्हणाला. "माह्यावाला घेऊन जा. फोर व्हील हाये, पॉवर स्टेअरिंग हाये, लोडर लागलेला हाये. मी आता म्हातारा झालो, कोण चालवते. घरचा घरात राहीन."

तिच्या वहीतलं सगळं त्या ट्रॅक्टरमध्ये होतं. जामला असल्या ट्रॅक्टरला जेवढे पडले असते तेवढे पैसे त्यानं सांगितले. तिनं घासाघीस केली नाही. उरावरचा दगड उतरल्यासारखी ती त्या संध्याकाळी घरी आली आणि कैलासला म्हणाली, "पाह्यलं, शेवटी माहेरच कामी आलं."

आठ दिवसांनी मायलेकी ट्रॅक्टर आणायला गेल्या. तो अंगणात नवरीसारखा उभा होता. समोरचा सगळा भाग, जाळीपासून एक्सलपर्यंत, नव्या निळ्या रंगानं चमकत होता. मागचा जुनाच, फिकट.

"भाचीसाठी रंगवून घेतला," अण्णाजी म्हणाला. "पोट्टी पहिल्यांदा बसन, तर तोंड तरी पाहण्यासारखं पायजे."

जयवंताचे डोळे भरून आले. तेवढ्यात रोशनीनं पिशवीतून टॉर्च आणि हातोडी काढली आणि ती एक्सलखाली वाकली.

"काय करून राह्यली व?" जयवंता दबक्या आवाजात म्हणाली.

"वाजवून पाह्यतो. दोन मिनिटं."

"मामाच्या अंगणात? ठेव ते."

"आई, वहीत तूच लिहिलं—"

"वही बाजाराची हाये." तिनं पोरीच्या हातातली हातोडी काढून घेतली आणि पदराआड धरली. अण्णाजी चार हातांवर उभा होता. त्यानं बघितलं, पण तो काही बोलला नाही. "पाहू दे की तिले," एवढंसुद्धा नाही. मागाहून जयवंताला सगळ्यात जास्त आठवत राहिलं ते हेच.

लीलावहिनीनं चाकांवर पाणी टाकलं, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. रोशनी मामाच्या पाया पडली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

चैत्र खतात गेला. खत हलकं, वाळलेलं. ट्रॅक्टर छान चालला. वैशाख लागताच शेजारच्या गावातलं तलावाच्या गाळाचं काम रोशनीला मिळालं, तेही दोन पुरुषांच्या हातून निसटून. पहिल्या दिवशी जयवंता डबा घेऊन तलावावर गेली आणि बाभळीखाली बसून दिवसभर मोजत राहिली की पोरगी सूप किती वर उचलते. रोशनी भरलं सूप कधीच उंच ठेवायची नाही; जमिनीपासून हातभर वर धरून न्यायची आणि ट्रॉलीशी पोचल्यावरच उचलायची. दुसऱ्या दिवशीही जयवंता गेली. तिसऱ्या दिवशी रोशनी म्हणाली, "आई, लोक हसून राह्यले." म्हणून ती गेली नाही.

आणि तिसऱ्याच दिवशी ते झालं. काळ्या ओल्या गाळानं सूप भरलेलं, उतार लागलेला. समोर फटाका फुटावा तसा आवाज आला, ट्रॅक्टरचं तोंड एक्सलवरून सुटून जमिनीवर बसलं आणि सूप गाळात रुतलं. रोशनी स्टेअरिंगवर आपटली. खांद्याजवळचं हाड मोडलं, हनुवटी फाटली. सूप हातभरच वर होतं म्हणून ट्रॅक्टर उलटला नाही. हे तलावावरच्या माणसांनी नंतर दहादा सांगितलं.

तिला गाडीत घालून सावंगीला नेलं तेव्हा फाटकावर कैलासचीच ड्यूटी होती. गाडी कोणाची, काय झालं, हे रजिस्टरमध्ये लिहायला तो पेन घेऊन खिडकीशी वाकला, आणि मग पेन तसंच हातात धरून गाडीमागं पळत गेला.

अण्णाजी दवाखान्यात दोनदा आला. शहाळी आणली. खाटेशी बसून भाचीच्या पायावरून हात फिरवला, आणि दुसऱ्यांदा आला तेव्हा रडला. जयवंतानंच त्याला पाणी दिलं. म्हणाली, "दादा, यंत्र हाये. त्याले काय भरोसा."

रोशनी घरी आली ती हात गळ्यात बांधून, हनुवटीला पाच टाके घेऊन. तलावावरच्या माणसांकडून तिनं ब्रॅकेटचा तुटलेला तुकडा गोणपाटात बांधून मागवला होता. तो ओसरीवर ठेवला आणि आईला म्हणाली, "पाह्य."

पाच-सहा किलोंचा तो तुकडा. एका बाजूनं निळा रंग, दुसऱ्या बाजूनं तुटीचं तोंड. त्या तोंडाचा मोठा भाग काळपट होता, गंजलेला. फक्त कडेची दोन बोटं रुंद पट्टी ताज्या साखरेच्या खड्यासारखी चमकत होती.

"हे चमकते ना, तेवढंच परवा तुटलं," रोशनी म्हणाली. "बाकीचं आधीच तुटलेलं होतं." तिनं धड हाताच्या नखानं निळा रंग खरवडला. खाली पांढरी पुट्टी निघाली, पुट्टीखाली घासून सपाट केलेली वेल्डिंगची रेघ.

जयवंतानं त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "दादाले माहीत नसन. त्याच्या ड्रायव्हरनं केलं असन परस्पर."

तुकडा परत गोणपाटात गुंडाळताना रोशनी एवढंच म्हणाली, "आई, तू माह्या हातची हातोडी घेतली होती." रागानं नव्हे, दुखणं कुठं आहे ते डॉक्टरला सांगावं तसं. परत ती कधी त्याविषयी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी जयवंता तुकडा कापडी पिशवीत घालून हिंगणीला गेली. भावाकडं नाही, आधी फाट्यावरच्या चंदनच्या वेल्डिंगच्या दुकानात. चंदन गावातलाच, तिच्या डोळ्यांदेखत मोठा झालेला. गावची लेक म्हणून तो तिला आत्या म्हणायचा.

"ये आत्या. पोट्टी कशी हाये आता?"

तिनं पिशवी उघडली. चंदननं तुकडा हातात घेतला, उलटा केला आणि लगेच खाली ठेवला.

"हे कोणाचं काम हाये रे?"

तो हात पुसायला चिंधी शोधू लागला.

"चंदन, मी भांडायले नाई आली."

"माह्यंच हाये," तो म्हणाला. "मागच्या साली नाल्याच्या कामावर दगड उचलताना चीर गेलती त्याले. उभाच होता मग ट्रॅक्टर. मी म्हणलं होतं अण्णाजीले, बिडाले वेल्डिंग टिकत नाई. नांगराले चालन, लोडरले नाई. नवीन ब्रॅकेट टाका. तर म्हणे, कायले खर्च, आता घरातून जाते. घासून देजो, रंग मारून देजो."

"कधी केलं हे?"

"धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी. मले याद हाये, माह्या हाताचा गुलाबी रंग गेला नव्हता अजून."

धुळवडीचा दुसरा दिवस. होळीला ती पुरणपोळी घेऊन आली होती. खाटेशी बसून, गाळाचं काम, पोरगी, भीती, सगळं सांगितलं होतं. जयवंतानं दोनच दिवसांचा हिशेब तीनदा केला, कुलूप ओढून बघावं तसा. तिन्ही वेळा तेच आलं.

"घरातून जाते म्हणजे कुठी जाते, ते सांगतलं होतं का त्यानं?"

चंदन खाली बघत म्हणाला, "तुमच्या घरी म्हणे."

भावाच्या अंगणात दोन खाटांवर तुरी वाळत घातल्या होत्या. तेलपाणी लावलेल्या, डाळ भरडायच्या. लीलावहिनी त्यातून हात फिरवत होती. दरवर्षी ज्येष्ठात ह्याच डाळीचा एक कट्टा, म्हणजे छोटं पोतं, पिंपळखुट्याला जायचा. अण्णाजी सावलीत बसला होता.

"ये जयू. रोशनीचे टाके काढले का?"

तिनं पिशवीतला तुकडा काढून त्याच्या खाटेवर ठेवला. त्यानं तो बघितला. हे काय आहे, असं त्यानं विचारलं नाही. तिनं जरा वाट बघितली. विचारेल, निदान विचारल्यासारखं करेल. मग ती समजली.

"वेल्डिंग पक्की होती," तो म्हणाला.

"चंदननं नाई म्हणलं होतं."

"चंदन सगळ्याच गोष्टीले नाई म्हणते. नवीन काम भेटते ना त्याले."

"दादा, त्याच्यावर रोशनी बसणार होती. गाळाचं काम करणार होती. मी इथी बसून सांगतलं होतं तुले."

"सांगतलं होतं," तो म्हणाला. "पण मले वाटलं, पोरीच्या जातीले कोण देते गाळाचं काम? चार दिवस खत ओढन, हौस फिटन, मग पडून राहीन ट्रॅक्टर. मले काय माहीत तिले खरंच काम भेटन म्हून."

हे ऐकायला जयवंता तयार नव्हती. त्यानं मरणाचा विचार केला नव्हता, हे तिला पटलं. त्यानं फक्त एवढं धरून ठेवलं होतं की पोरीला काही जमणार नाही, आणि त्याच्यावर रंग मारला होता.

"अन् तू तरी पाहून घ्यायचं होतं ना," तो पुढं म्हणाला, आता जरा चढ्या आवाजात. "जामले टायरात काड्या घालत फिरली म्हणते. माह्या अंगणात कोणी हात धरला होता का तुहा?"

"नाई. मीच पोरीचा धरला."

"मग?"

"तुले माहीत होतं मी पाहणार नाई."

खाटेवरच्या तुरीत फिरणारा लीलावहिनीचा हात थांबला. "त्यायले माहीत होतं," ती म्हणाली. "मी म्हणलं होतं, पोट्टीले सांगून द्या. तर म्हणे, माहेरचं कोण वाजवून पाह्यते."

"तू चूप राय," अण्णाजी म्हणाला.

जयवंतानं तुकडा उचलून पिशवीत घातला. तो म्हणाला, नवीन ब्रॅकेट मी टाकून देतो, पाहिजे तर ट्रॅक्टर परत आण, पैसे हंगामात देईन. वहिनीनं चहा आणला. जयवंतानं तो प्यायला, कप विसळून पालथा ठेवला, वहिनीला "येतो" म्हणाली आणि निघाली.

फाट्यापर्यंत ती पायी गेली. तोच रस्ता. सायकलच्या कॅरिअरवर बसून तीन वर्षं ती इथून गेली होती आणि पुढं तो घंटी वाजवत होता, सारखा, दम लागेपर्यंत. तो माणूस खोटा होता असं तिला ठरवता येईना. तो खराच होता. खोटा असता तर सोपं झालं असतं. जामच्या दलालाला ती दोन शब्द ऐकवून आली होती आणि घरी येऊन पोटभर जेवली होती. बस आली, गेली. तिच्या लक्षात आलं नाही. त्या फाट्यावर पहिल्यांदाच तिची बस चुकली.

ट्रॅक्टर तिनं परत केला नाही. हाड जुळल्यावर रोशनीनं स्वतः समोरचं सगळं खोललं, नवीन ब्रॅकेट बसवला आणि तो जामला नेऊन विकला. गिऱ्हाइकापुढं तुटका तुकडाही ठेवला, म्हणाली, "हे असं झालतं. आता नवीन हाये, पण तुम्ही वाजवून घ्या." आर्वीकडचा तो शेतकरी आधी तुकड्याकडं, मग हिच्या हनुवटीवरच्या व्रणाकडं बघत राहिला. नांगरणीसाठी घेऊन गेला. दलाल म्हणाला, "असा धंदा केला तर उपाशी मराल तुम्ही मायलेकी."

त्याच्याकडूनच त्यांनी दुसरा घेतला. डोळे चुकवणाऱ्या मालकाचा तो चौथा ट्रॅक्टर अजून तिथंच उभा होता. ह्या वेळी रोशनीला वाकायचा त्रास होता, म्हणून जयवंता पोतं अंथरून त्याच्याखाली उताणी शिरली. लुगड्याला ग्रीस लागलं. हातोडी तिच्याच हातात होती. एक्सल, ब्रॅकेट, पिन. एकेक जागा तिनं तीनदा वाजवली, बाहेरून रोशनी ऐकत होती. टण्ण, टण्ण, टण्ण. "निघ आता बाहेर," रोशनी म्हणाली, "त्या मालकाचा एक डोळा काचेचा हाये, म्हून तो तसा पाह्यते." जयवंता ट्रॅक्टरखाली पडल्या पडल्या हसली. अपघातानंतर पहिल्यांदा.

ज्येष्ठ सरता सरता हिंगणीहून डाळीचा कट्टा आला. नेहमीसारखा ऑटोवाल्याबरोबर, तोंड सुतळीनं शिवलेलं, वर जयवंताचं नाव. चिठ्ठी नाही, फोन नाही. पंचवीस वर्षं तो कट्टा आला की ती सरळ नेऊन कोठीत रिकामा करायची, शेजारणी डाळ निवडत बसायच्या आणि ही अभिमानानं म्हणायची, "माहेरची हाये, निवडायचं काम नाई."

कट्टा ओसरीवर पडून होता. रोशनी तलावाच्या कामावर निघाली होती, दारात चप्पल घालत थांबली. जयवंतानं विळ्यानं सुतळी कापली. बसली. बाही वर सारली आणि हात डाळीत घातला, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत, मग खांदा टेकेपर्यंत पार तळाला. तळाची मूठ भरून तिनं वर काढली आणि उजेडात धरून बघितली. किडा नव्हता, खडा नव्हता. दाणा न् दाणा पिवळाधमक, वरच्यासारखाच.

"कशी हाये?" रोशनीनं विचारलं.

"चांगली हाये," जयवंता म्हणाली. "तळापर्यंत चांगली हाये."

मूठ तिनं परत कट्ट्यात सोडली नाही. तशीच धरून बसून राहिली. बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला, फाटकातून मागं गेला, वळला. थोड्या वेळानं तिनं सूप घेतलं आणि माहेरची डाळ पहिल्यांदाच निवडायला घेतली.